चेहरा म्हणजे पातेलं नव्हे

बोलणारा मी एक नॅपकिन आहे. पार्लरमधला, चेहरे पुसायचा. वीतभर लांब, वीतभर रुंद, आणि रंग विचाराल तर एके काळी पांढरा होतो. आवाज जरा ओलसर वाटला तर समजून घ्या. पूर्ण कोरडा असा मी उभ्या आयुष्यात फार थोडा वेळ राहिलोय.

दमलोय मी. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मध्येच शब्द अडखळले तर तुम्हाला राग यायचा नाही. दिवसाला पाच-सहा चेहरे. प्रत्येक चेहऱ्यामागे तीनदा गरम पाण्यात बुडणं, तीनदा पिळून निघणं, आणि संध्याकाळी साबणाच्या पाण्यात उकळणं. सतत पिळलं गेलं की माणसाचं काय होतं ते तुम्ही पाहताच. मी तर नुसता सुताचा.

जन्माबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. एका मोठ्या मागावर आम्ही सगळे भाऊ एकाच लांब पट्ट्यात विणले गेलो. मग कात्री आली आणि ज्याचा तो वेगळा झाला. कडा शिवणाऱ्या बाईने माझ्या एका कोपऱ्यात दोरा जरा तिरका मारला. तेवढीच माझी ओळख. कागदी पट्टीत बांधून आम्हाला दुकानाच्या फळीवर ठेवलं, तिथे बरेच दिवस धूळ खात पडलो.

एके दिवशी ताई आली. दुकानदाराने चार प्रकारचे नॅपकिन समोर टाकले. तिने रंग बघितला नाही, जाडी बघितली नाही. प्रत्येकाची घडी उचलून आधी स्वतःच्या गालावरून फिरवली आणि मग मनगटाच्या आतल्या बाजूवरून. माझ्यापाशी आल्यावर थांबली.

"हे द्या," ती म्हणाली. "हे टोचत नाहीत."

ताईचं पार्लर म्हणजे एक खोली. एका बाजूला चष्म्याचं दुकान, दुसऱ्या बाजूला चपला-बूट दुरुस्त करणारा. आत आरशासमोर दोन फिरत्या खुर्च्या आणि कोपऱ्यात एक मागे कलणारी, आडवं होण्याची खुर्ची. मग पडदा. पडद्यामागे शेगडी, पाण्याचं पातेलं, बेसिन आणि वर घरात जाणारा जिना. वर दोन खोल्यांत ताई, तिचा नवरा आणि मुलगी. नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा, दहा-बारा दिवसांनी एकदा घरी यायचा. ताईला सगळेच ताई म्हणत, तिच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठ्या बायकासुद्धा.

आमचं काम तुम्हाला ठाऊक नसेल तर सांगतो. आधी चेहरा धुवायचा. मग वाफ द्यायची. मग स्क्रब. स्क्रब म्हणजे मलईत कालवलेले बारीक दाणे, दुसरं काही नाही. ताई ते दोन बोटांवर घेऊन नाकाच्या बाजूंना, हनुवटीवर, कपाळावर गोल गोल फिरवायची. हात इतका हलका, जणू झोपलेल्या बाळाच्या गालावरची माशी उडवावी. वरची मेलेली कातडी सुटायची. मग मला गरम पाण्यातून काढून, पिळून, ती चेहऱ्यावर ठेवायची आणि सगळं टिपून घ्यायची. खालून जो चेहरा निघायचा तो नुकताच जागा झाल्यासारखा दिसायचा.

गिऱ्हाइकांना मात्र घाई. दर दुसरी बाई म्हणायची, "ताई, जरा जोरात घासा हो. निघू द्या सगळं एकदाचं."

ताईचं उत्तर ठरलेलं. "काकू, चेहरा म्हणजे पातेलं नव्हे. करपलेलं खरवडायला मी इथे बसलेली नाही."

बायका हसायच्या, आणि ताई ओरडायची, "हसू नका, तोंडात जाईल!"

एक गोष्ट मी इतक्या वर्षांत पक्की ओळखली. आरशासमोर बसलेलं माणूस खोटं बोलतं. आडव्या खुर्चीवर डोळे मिटून पडलं की खरं बोलतं. एक शिक्षिका यायच्या. एकदा स्क्रब चालू असताना मध्येच म्हणाल्या, "दिवसभर चाळीस मुलं माझ्या तोंडाकडे बघतात. घरी कोणी बघत नाही." ताईने मला जरा जास्त गरम पाण्यात बुडवलं आणि त्यांच्या डोळ्यांवर नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ ठेवलं. ते पाणी आणि त्यांचं पाणी, दोन्ही माझ्यातच मुरलं.

ताईची मुलगी भिंगरी. खरं नाव दुसरं असणार, पण मी कधी ऐकलं नाही. लहानपणी ती शाळेतून आली की दप्तर टाकायची आणि फिरत्या खुर्चीवर बसून इतकी गरगरायची की हे नाव तिला चिकटलंच. बायकांच्या गप्पांत तोंड घालायची. एखादीचा चेहरा लेपाने पांढराफटक झालेला असला की तिच्यासमोर उभी राहून विचारायची, "तुम्ही आत आहात का?"

पंधराव्या वर्षी तिच्या कपाळावर पुटकुळ्या आल्या. मग गालांवर. मग हनुवटीवर मोठे, लाल, आत पू धरलेले मुरूम. वयच ते. पण भिंगरीचं फिरणं कमी झालं. खुर्चीवर बसली तरी आरशाकडे पाठ करून बसायची, आणि थोड्या दिवसांनी तीही सोडली. शाळेतून आली की पडद्याआडून थेट जिना.

सुरुवातीला ताईला त्याचं फार वाटलं नाही. "येतील नि जातील," म्हणायची. मग एका मोठ्या हॉटेलात रिसेप्शनला बसणारी आमची जुनी गिऱ्हाईक आली. मनाने वाईट नाही, पण जिभेला हाड नाही. वाफ घेता घेता तिची नजर पडद्याआड जाणाऱ्या भिंगरीवर गेली.

"अगंबाई, ताई! दिव्याखाली अंधार की हो!" आणि ती खळखळून हसली.

ताईही हसली. पण मी तिच्या हातात होतो. तिची बोटं माझ्यात कशी रुतली ते मला कळलं.

पुढच्या रविवारी सकाळी, पार्लर उघडायच्या आधी, तिने भिंगरीला आडव्या खुर्चीवर निजवलं. "बघ, आज कशी तुकतुकीत करते तुला." भिंगरी खूश होती. आईचा पूर्ण एक तास तिला कितीतरी महिन्यांनी मिळत होता. ताईचा हातही नेहमीसारखाच हलका होता. दोघी हसत होत्या. मीसुद्धा त्या दिवशी फार आनंदात होतो, हे कबूल करतो.

चार दिवसांत पुटकुळ्या वाढल्या.

दुसऱ्या रविवारी ताईने जरा जाड दाण्यांचं स्क्रब काढलं. तिसऱ्या रविवारी हात जड झाला. परक्या बाईच्या चेहऱ्यावर ताईची बोटं दर क्षणाला विचारत असायची: दुखतंय का, झोंबतंय का, पुरे का? लेकीच्या चेहऱ्यावर ती बोटं विचारेनाशी झाली. आपल्या माणसावर हात जड का होतो, हे मला आजवर उमगलेलं नाही. तुम्हाला कळलं तर मला सांगा.

"आई, दुखतंय."

"थोडं सोस."

"आई, आग होतेय गं."

"मग लोकांनी बोलायचं ते बोलू दे का? बावीस वर्षं चेहरे करतेय मी. घरातला एक मला जमू नये?"

माझ्यावर पहिल्यांदा रक्ताचा ठिपका आला. ताईने तो बघितला, आणि नळाखाली धरून चोळून चोळून घालवला.

आता जे सांगायचं आहे ते सांगताना मला त्रास होतो. पण ते गाळलं तर बाकीचं सांगण्यात काही अर्थ नाही.

एका दुपारी नवीन गिऱ्हाईक आली. चांगल्या घरची, चौकस. खुर्चीत बसल्या बसल्या बाटल्या वाचत होती, भिंती बघत होती. तेवढ्यात भिंगरी शाळेतून आली आणि मान खाली घालून पडद्यामागे गेली. बाईने आरशातून तिला पाहिलं.

"ही कोण? इथलीच का?"

ताई कापूस फाडत होती. तिने वरही पाहिलं नाही.

"नाही हो," ती म्हणाली. "शेजारची आहे. पाणी प्यायला येते."

एवढंच. पुढे ती लगेच कोणत्या क्रीमने काय होतं ते सांगू लागली, नेहमीपेक्षा जरा भराभर.

मी पडद्यामागे दोरीवर होतो. भिंगरीचा पाय जिन्याच्या पहिल्या पायरीवर होता. तो तिथेच राहिला. वर गेला नाही, खाली आला नाही. ती पडद्याकडे बघत राहिली, त्या पडद्यावर काहीतरी लिहिलेलं असावं तशी. मग तिने हात वर करून मला दोरीवरून ओढलं, फळीवरची जाड दाण्यांची डबी उचलली आणि आम्हाला दप्तरात कोंबून वर घेऊन गेली.

त्या दिवसापासून सतरा दिवस मी वर होतो.

सकाळी शाळेआधी, शाळेतून आल्यावर, आणि जेवणाआधी. नळ पूर्ण सोडायची, आवाज खाली जाऊ नये म्हणून. बोटांनी नाही, ती माझ्यावरच दाणे घ्यायची आणि मला मुठीत धरून गालावर घासायची. एव्हाना मी पहिल्यासारखा मऊ राहिलो नव्हतो. शेकडो वेळा उकळून माझं सूत ताठरलं होतं. दुकानात ज्याच्याबद्दल 'हे टोचत नाहीत' असं म्हटलं गेलं तोच मी, आणि त्या पोरीच्या चेहऱ्याची सालं काढत होतो. मी हाताला विरोध करू शकत नाही. जिकडे हात नेतो तिकडे मी जातो. पण ही काही सफाई झाली नाही, हे मलाही कळतं.

ती रडायची नाही. एकदाच आरशाकडे बघून हळूच म्हणाली, "आता तरी आई ओळखेल."

मुरूम फुटले, पसरले. गालांवरची कातडी आधी लाल, मग चकचकीत, मग ओली झाली. कानाशी पापुद्रे सुटले. केस पुढे घेऊन ती शाळेत जायची. ताईला वाटलं, मुरूमच चिघळलेत. रविवारी तिने बोलावलं तर भिंगरी म्हणाली, "अभ्यास आहे." त्यावर ताईचा जीव जरा भांड्यात पडला असावा, असं मला वाटतं. तिलाही त्या चेहऱ्याकडे बघायचं नव्हतं.

मग भिंगरीचे बाबा आले. या खेपेला लांबलेला, तीन आठवड्यांचा फेरा करून, सकाळी, दाढी वाढलेली. जिन्यातच लेक समोर आली. खिडकीतून ऊन सरळ तिच्या तोंडावर पडत होतं.

"हे काय झालंय?"

"वयात येतेय," ताई खालून म्हणाली. "सगळ्यांनाच होतं."

बाबांनी पिशवी खाली ठेवली. लेकीची हनुवटी एका बोटाने उचलली आणि चेहरा उजेडात डावीकडे वळवला, उजवीकडे वळवला.

"हे वयाचं नाही," ते म्हणाले. "माझ्या गाडीचा रंग उन्हाने उडाला की फडकं मारून मारून उडवला, ते मला लांबून कळतं. हे घासलेलं आहे. कोणी घासलं?"

नळ थेंब थेंब गळत होता. बाबा न्हाणीघरात गेले आणि मला आणि त्या डबीला घेऊन बाहेर आले. डबी रिकामी होती. मी कसा दिसत होतो ते सांगत नाही.

ताईने मला ओळखलं. कोपऱ्यातला तिरका दोरा तिच्या बोटाखाली आला आणि ती जिन्यावरच बसली.

"डॉक्टरकडे घेऊन जा," बाबा म्हणाले.

"मी? मी चेहरा दाखवायला डॉक्टरकडे जाऊ?"

"चेहरा तुझा नाही दाखवायचा."

त्याच दुपारी आम्ही गेलो. आम्ही म्हणजे ताई, भिंगरी आणि मी. मला उकळून, वाळवून भिंगरीच्या हातात दिलं होतं, कारण डाव्या गालातून पाणी येत होतं आणि ते टिपायला काहीतरी हवं होतं. दवाखान्यात बाकड्यावर दीड तास. ताईने कुणाच्याही चेहऱ्याकडे पाहिलं नाही. ती जमिनीकडे बघत होती.

त्वचेच्या डॉक्टर म्हणजे एक पोक्त बाई. त्यांच्याही डोळ्यांखाली काळं होतं. लिहिता लिहिता विचारत होत्या, मान वर न करता.

"चेहऱ्याला काय लावता?"

"स्क्रब," भिंगरी म्हणाली.

"किती वेळा?"

"दिवसातून तीनदा."

ताईने झटकन तिच्याकडे पाहिलं. तिला तीनदा हे माहीत नव्हतं.

"कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. मीच करते."

डॉक्टरांनी दिवा जवळ घेतला, गाल बघितले. मग थकलेल्या आवाजात सांगू लागल्या. कितीजणींना सांगून झालेलं असेल त्यांचं, कोण जाणे. "हे बघ बाळा, मुरूम आतून येतात. वरून घासून ते जात नाहीत, फुटतात आणि पसरतात. वरची कातडी ही आपली राखण असते. तू राखणदारालाच हाकलून दिलंस. आता तीन महिने घासणं बंद. साधं पाणी, हे मलम, बाकी काही नाही. हातसुद्धा लावायचा नाही." मग ताईकडे वळल्या. "आई ना तुम्ही? काय करता?"

ताईने ओठ मिटले, उघडले.

"घरीच असते," ती म्हणाली.

मी भिंगरीच्या गालावर होतो. तो गाल एकदम ताठ झाला.

"नाही," भिंगरी म्हणाली. "पार्लर आहे तिचं. बावीस वर्षं चालवते. लांबून लांबून लोक येतात तिच्याकडे. तिचा हात फार हलका आहे."

डॉक्टरांनी पहिल्यांदा पेन खाली ठेवलं.

"मग हे सगळं तुम्हाला माहीत असेल," त्या ताईला म्हणाल्या. रागाने नाही, नुसतंच.

"माहीत होतं," ताई म्हणाली. "सुरुवात मीच केली. दर रविवारी. हिने नंतर केलं."

डॉक्टरांनी चिठ्ठी फाडून हातात दिली आणि म्हणाल्या, "महिन्याने या. दोघी या."

बसथांब्याच्या बाकावर दोघींमध्ये एका माणसाची जागा मोकळी होती. दोन बसगाड्या आल्या आणि गेल्या. दोन्ही आमच्याच होत्या.

"त्या दिवशी तू पडद्यामागे होतीस," ताई म्हणाली.

"हो."

"मग बोलली का नाहीस मला?"

"काय बोलायचं? शेजारच्या मुलीने काय बोलायचं असतं?"

ताईने बोलायचा प्रयत्न केला, आणि घशातून जे निघालं त्याला रडणंही म्हणता येणार नाही. थांब्यावरचे लोक दुसरीकडे बघू लागले. भिंगरी समोर रस्त्याकडेच बघत राहिली. थोड्या वेळाने, मान न वळवता, तिने मला मधल्या मोकळ्या जागेवर ठेवलं आणि आईकडे सरकवलं.

ताईने मला उचललं. मी लेकीच्या गालावरच्या पाण्याने भिजलेला होतो. एरवी गिऱ्हाइकासाठी चार वेळा घडी उलटून स्वच्छ बाजू शोधणारी ही बाई. त्या दिवशी तिने बाजू शोधली नाही. तसंच तोंड पुसलं.

"माझं चुकलं," ती म्हणाली. "घासलं तेव्हा, आणि त्या दिवशी तसं बोलले तेव्हाही. आणि आज तिसऱ्यांदा होणार होतं."

"माहीत आहे," भिंगरी म्हणाली. एवढंच म्हणाली. तिसरी बस आली तेव्हा ती खिडकीशी बसली आणि घर येईपर्यंत बाहेर बघत राहिली.

माफी मागितली म्हणजे लगेच मिळते असं नसतं. काही न करता वाट बघणं ताईला जमत नव्हतं. बावीस वर्षं जिने प्रत्येक चेहऱ्याला काहीतरी केलं, तिला आता घरातल्या चेहऱ्याला काहीच करायचं नव्हतं. जेवताना तिचा हात आपोआप लेकीच्या कपाळाकडे जायचा आणि मध्येच थांबायचा. मग ती तोच हात पाण्याच्या तांब्याकडे न्यायची, तहान नसताना.

मलम भिंगरी स्वतः लावायची, दार लावून. पाच आठवडे असंच चाललं. सहाव्या आठवड्यात एका सकाळी ती खाली आली. पार्लर अजून उघडलं नव्हतं, ताई माझ्या आणि माझ्या भावांच्या घड्या घालत होती. भिंगरी आडव्या खुर्चीवर जाऊन पडली आणि तिने मलमाची नळी वर धरली.

"कानाजवळ मला नीट दिसत नाही," ती म्हणाली.

ताईने हात धुतले. पुन्हा धुतले. मग करंगळीशेजारचं बोट घेतलं. सगळ्या बोटांत त्याला जोर कमी असतो, म्हणून डोळ्यांखाली लावताना ती नेहमी तेच वापरते. मलम लावून झालं तरी भिंगरी लगेच उठली नाही. "नापास होणार आहे मी गणितात," डोळे मिटूनच म्हणाली. "तुला आधी सांगून ठेवते." आणि ताई इतकी हसली की तिला मध्येच बसावं लागलं. भिंगरी गणितात नापास झाली. तिला त्याचं काही वाटलं नाही, ताईलाही नाही.

पार्लरमध्ये काही गोष्टी बदलल्या. जाड दाण्यांच्या डब्या गेल्या. एखादी बाई पंधरा दिवसांत परत आली की ताई म्हणायची, "आज नको. कातडीला जरा श्वास घेऊ द्या." कुणाला मुरूम असले तर ती हात लावायची नाही, डॉक्टरांचा पत्ता द्यायची. काहींना राग आला. कोपऱ्यावर नवं पार्लर झालं होतं, तिथे म्हणे पाहिजे तितकं घासून देत. काही जणी तिकडे गेल्या. दुपारच्या खुर्च्या रिकाम्या राहू लागल्या.

रिसेप्शनवाली मात्र येत राहिली. एकदा तिने विचारलं, "भिंगरीचं काय झालं हो मध्ये? फार चिघळलं होतं म्हणे?" ताईने सांगितलं. ते दिव्याखालचं वाक्यही सांगितलं. बाई वाफ घेता घेता उठून बसली.

"मी असं म्हणाले?"

"म्हणालात."

"मला आठवतसुद्धा नाही हो."

"नसणारच," ताई म्हणाली. "पडा. वाफ जातेय."

भिंगरीच्या चेहऱ्यावरच्या जखमा भरून आल्या, पण चेहरा पहिल्यासारखा झाला असं सांगितलं तर ते खोटं होईल. डाव्या गालावर दोन खड्डे राहिले आणि हनुवटीखाली एक करडा डाग. आता ती दुसऱ्या गावी वसतिगृहात राहून पूल बांधायचं शिकते. गणित कसं जमलं देवाला माहीत. फोनवर दोघी बोलतात. बोलतात म्हणजे भांडतात, निम्मा वेळ.

आणि मी. माझी एक कड उसवली आहे. मधोमध इतका विरलोय की माझ्यातून खिडकी दिसते. भावांपैकी बरेच आरसे पुसायला गेले, दोघे फरशीला. माझीही पाळी आली आहे. तक्रार नाही. आयुष्यभर तोंडं पुसलेल्याला शेवटी नळ पुसावा लागला, तर त्यात कमीपणा कसला? तुमच्याकडे मागणं एकच आहे. तुमच्या घरातही माझ्यासारखा एखादा असेल, दांडीवर, ओला. सकाळी आरशासमोर उभे राहाल, काहीतरी नकोसं दिसेल, आणि हात त्याच्याकडे जाईल. तेव्हा त्याला जरा बोटांच्या टोकांनी धरा. मुठीत धरू नका. आम्हाला 'पुरे' म्हणता येत नाही.

आज दुपारी एकही गिऱ्हाईक नव्हतं. बाहेर रणरणतं ऊन होतं, चष्मेवाल्यानेही अर्धं दार ओढून घेतलं होतं. ताईने उगाच बाटल्या पुसल्या. मग पडद्यामागे जाऊन पाणी गरम केलं, मला बुडवलं, पिळलं. मला वाटलं, कोणीतरी आलंय. पण खुर्ची रिकामी होती.

ताई त्या खुर्चीपाशी उभी राहिली. दाराकडे एकदा पाहिलं. मग चपला काढल्या आणि हळूच, कुणा परक्याच्या जागी बसावं तशी, ती स्वतःच आडवी झाली. इतक्या वर्षांत मी तिला त्या खुर्चीवर कधी पाहिलं नव्हतं. दोन्ही हातांनी तिने मला स्वतःच्या तोंडावर ठेवलं, कपाळापासून गालांपर्यंत, नाक तेवढं मोकळं. एक लांब श्वास सोडला. हात पोटावर ठेवले.

मी वाट बघत होतो, आता स्क्रब येईल, मग पुसायचं. काही आलं नाही. तिचे डोळे माझ्याखाली थोडा वेळ हलत होते, मग थांबले.

दार वाजलं. रिसेप्शनवाली आत आली, हातात पर्स, बोलायला तोंड उघडलेलं. खुर्चीकडे पाहिलं आणि तिने तोंड मिटलं. मागे वळून दारावरची पाटी उलटी केली, 'बंद आहे' ही बाजू बाहेर. फोनचा आवाज घालवला आणि भिंतीशेजारच्या बाकावर, उन्हातून आल्यावर वाटणारी तहान तशीच ठेवून, पाय जवळ घेऊन बसून राहिली.

ती अजून बसलीय. मी केव्हाच गार झालोय, पण मला कोणी उचललेलं नाही. पुसायला काहीच नाही. ताईचा श्वास येतो, जातो, आणि माझी उसवलेली कड जराशी हलते.

तुम्ही आता निघा. पण निघताना दार सावकाश लावा.